भुतांची शिस्त

मी भित्रा माणूस आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना हे काही नव्याने सांगायला नको. झुरळ दिसले की मी खुर्चीवर पाय ओढून घेतो आणि दात काढायला जाताना सौभाग्यवतींना बरोबर नेतो, हे त्यांना ठाऊक आहे. अशा माणसाने ऐन दिवाळीच्या तोंडावर, साता समुद्रांपलीकडे, आपल्या पायांनी चालत जाऊन आणि वर तिकिटाचे पैसे मोजून भुते पाहावीत, हा योग माझ्या पत्रिकेत कोणत्या ग्रहाने घातला होता कोण जाणे!

त्याचे असे झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता दक्षिण कॅलिफोर्नियात चिरंजीवांच्या घरी मुक्काम ठोकून होतो. त्या वर्षी आपली नरकचतुर्दशी आणि तिकडचा हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. हॅलोविन म्हणजे मुळात ख्रिस्ती लोकांच्या सर्वसंतदिनाची आदली संध्याकाळ. आता मात्र तीत संत फारसे उरलेले नाहीत. मुलांनी सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागायची आणि मोठ्यांनी एकमेकांना हौसेने घाबरवायचे, असा तो सण झाला आहे. त्यामुळे आमच्या सूनबाईंच्या दारात आकाशकंदील आणि शेजारणीच्या दारात सांगाडा, अशी शोभा होती. दोघीही एकमेकींच्या आराशीचे तोंड भरून कौतुक करीत होत्या.

आमची नात पंधरा वर्षांची. तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना ब्यूना पार्क गावातल्या ‘नॉट्स बेरी फार्म’ या थीम पार्कमध्ये भुतांच्या रात्रीला जायचे होते. थीम पार्क म्हणजे पाळणे, आगगाड्या आणि देखावे यांची कायमची जत्रा, एवढे समजले तरी पुरे. नियम असा, की सतरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांबरोबर एकवीस वर्षांवरचे कोणीतरी माणूस हवे. चिरंजीवांना कचेरीचे काम, सूनबाईंना इस्पितळात रात्रपाळी. तेव्हा जेवताना सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या.

“आजोबा, तुम्ही एकवीस वर्षांवरचे आहात ना?” नातीने विचारले.

“पन्नासच वर्षं झाली त्याला,” मी म्हणालो.

“अहो, पण तुम्ही मुलींना सांभाळणार की मुली तुम्हांला?” सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता शंका काढली. त्यांच्या शंका नेहमी अशा नेमक्या असतात.

खरे सांगायचे तर मी भुतांना भीत नाही. कोकणात आजोळी आजीच्या मांडीवर मी वेताळापासून हडळीपर्यंत सगळ्यांशी ओळख करून घेतली आहे. मला भीती वाटते ती गर्दीची. सात वर्षांत मी एक गणपती पाहिला नव्हता, एका सभेला गेलो नव्हतो, आणि लोकल गाडी दुपारच्या रिकाम्या वेळी गाठत होतो. घरचे याला ‘बाबांचं वय’ म्हणत. कारण मी कोणाला सांगितलेले नव्हते.

पण नातीला नाही म्हणता येईना.

जाण्याच्या आदल्या रात्री तिने माझ्यापुढे एक कागद पसरला. आमच्या चाळीत एखाद्या मुंजीची यादीही इतक्या काटेकोरपणे झाली नसेल! मध्ये पार्कचा नकाशा हाताने काढलेला. दिवसाचा पार्क लवकर बंद होतो, भुतांच्या रात्रीचे तिकीट निराळे. जेवण आधीच उरकायचे, कारण नंतर खाण्याच्या दुकानांपुढेही रांगा लागतात. दार उघडल्यावर सगळे लोक पहिल्याच भुलभुलैयापाशी थांबतात, म्हणून आपण थेट शेवटच्या टोकाला जायचे आणि उलटे येत राहायचे. चुकामूक झाली तर भेटायची जागा कोणती, तेही ठरलेले. पाहुण्यांनी मुखवटे घालून यायचे नाही, असाही एक नियम होता.

“तो का बरं?”

“म्हणजे कामावरचं भूत कोणतं आणि बाहेरचं कोणतं, ते कळतं,” ती म्हणाली.

नकाशावर पाचसहा ठिकाणी तांबड्या शाईने लहान वर्तुळे काढलेली होती. ती कसली, म्हणून विचारले तर, “ते नंतर सांगेन,” एवढेच उत्तर मिळाले. पंधराव्या वर्षी माणसाला गुपिते असतातच. मीही फार चौकशी केली नाही.

त्या जागेची हकीकत मात्र मला चिरंजीवांकडून कळली, आणि ती या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, म्हणून सांगतो. वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी आणि त्याची बायको कॉर्डेलिया रस्त्याच्या कडेला आपल्या मळ्यातली फळे विकीत. १९३४ च्या जूनमध्ये बाईंनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या बाहेर काढल्या आणि आठ गिऱ्हाइकांना पासष्ट सेंटांत तळलेल्या कोंबडीचे जेवण घातले. हाताला चव असली की काय होते ते खाणावळवाल्यांना विचारा. काही वर्षांत तिथे रविवारी हजारो माणसे जेवायला येऊ लागली आणि तासन् तास रांगेत उभी राहू लागली. भुकेल्या माणसाला रांगेत उभे करणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. तेव्हा १९४० मध्ये नॉटसाहेबांनी या ताटकळणाऱ्या मंडळींच्या करमणुकीसाठी मळ्यातच एक जुने गाव उभारायला घेतले. जुन्या लाकडी इमारती आणून मांडल्या आणि त्याला नाव दिले ‘घोस्ट टाऊन’. इंग्रजीत ओसाड पडलेल्या गावाला तसे म्हणतात. त्यात भूतबीत काही नव्हते. भुते आली ती १९७३ च्या ऑक्टोबरात, आणि तीही तीन रात्रींपुरती.

म्हणजे पाहा, आधी रांग आली, मग रांगेसाठी गाव आले आणि गावाच्या नावाला जागून शेवटी भुते आली. पुढे इतर पार्कांनीही हा धडा गिरवला. फ्लॉरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ मध्ये अशाच भयरात्री सुरू केल्या. पण मूळ गोष्ट कोंबडीच्या जेवणाची. लोक खोळंबले की त्यांना काहीतरी गोष्ट सांगितली पाहिजे, हे त्या नवराबायकोला फार लवकर उमगले होते.

संध्याकाळी सात वाजता आम्ही आत शिरलो. घोस्ट टाऊनमध्ये इतके कृत्रिम धुके सोडलेले होते की माझाच हात मला दिसेना. त्या धुक्यातून गुडघ्यांना आणि हातांना धातूच्या पट्ट्या बांधलेली भुते जमिनीवरून ठिणग्या उडवीत सरकत येत आणि नेमकी माणसाच्या पायाशी थांबत. मुली किंचाळत, हसत आणि पुन्हा किंचाळायला पुढे जात. माझ्यापुढेही एक कवटीवाले भूत येऊन थांबले. त्याने माझी टोपी पाहिली, मफलर पाहिला आणि अदबीने वाट सोडली. वयाला भुतेही मान देतात.

नात चालता चालता मला या कारभाराच्या खाचाखोचा समजावून सांगत होती. रांग कधी सरळ ठेवीत नाहीत. इथल्याच खाणीतल्या आगगाडीची रांग, बड हर्लबट नावाच्या कारागिराने १९६० मध्ये अशी मुरडून लपवली, की ती किती लांब आहे हे उभ्या माणसाला दिसूच नये. (पहिल्या भयरात्री नुसत्या बाहुल्यांनी कोणी घाबरणार नाही, म्हणून हे गृहस्थ स्वतः गोरिलाचे कातडे पांघरून लोकांच्या अंगावर गेले, असे सांगतात.) रांगेतच गोष्टीला सुरुवात होते. इथे फलक, तिथे जुने पत्र, कुठे भोंग्यातून आवाज. दाराशी पोचेपर्यंत आत कोण मेले, कसे मेले आणि का रागावले आहे, हे तुम्हांला कळलेले असते. आमची आजीही भुताला एकदम आणीत नसे. आधी पिंपळ, मग तिन्हीसांज, मग कंदिलाची काच काळी पडणे, आणि मग ते. तोवर आम्ही पोरे मुकाट्याने भात संपवलेला असे. हेतू दोघांचाही एकच म्हणायचा.

दाराशी एक मुलगा माणसे मोजून थोड्याथोड्या अंतराने आत सोडीत होता. सगळ्यांना एकदम सोडले तर आतल्या भुतांना पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन दडायला वेळ मिळत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम नातीने अगदी गुरुजींच्या आवाजात सांगितला, “आजोबा, चांगलं भूत माणसाला नेहमी पुढे पळवतं. मागे पळवलं तर मागचे लोक अंगावर येतात.”

मला हे फार आवडले. भीती म्हणजे इथे वाहतुकीचा पोलीस. ती लोकांना थांबवीत नाही, पुढे काढते.

पहिले तीन भुलभुलैये बिनबोभाट पार पडले. चौथ्यात मात्र माझी फजिती झाली. त्यात दोष कोणाचा नव्हता. पुढच्या घोळक्यातली एक लहानखुरी बाई भीतीने जागच्या जागी बसली, एवढेच. बोळ अरुंद, अंधार मिट्ट. आमच्या मुली वळणापुढे गेलेल्या. माझ्यापुढे पाठी आणि मागून येणारे माझ्या पाठीशी. आजी ज्याला चकवा म्हणायची, माणसाला त्याच त्या वाटेवर फिरवणारे भूत, ते मला त्या क्षणी लागले. कारण मी कॅलिफोर्नियात नव्हतोच. मी परळला होतो.

२९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी दहाच्या सुमारास मी परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्टेशने जोडणाऱ्या पुलावर होतो. बाहेर धो धो पाऊस. छत्र्या नसलेले लोक जिन्याच्या तोंडाशी पाऊस थांबायची वाट पाहत उभे होते आणि मागून गाड्या आणखी माणसे आणून ओतीत होत्या. माझ्याजवळ छत्री होती. तोच माझा सगळा पराक्रम. मी वाट काढीत खाली उतरू लागलो, तेव्हा कडेला उभा असलेला एक तरुण मुलगा म्हणाला, “काका, येऊ का छत्रीत?” खांद्याला पिशवी, पिशवीतून झेंडूच्या माळा बाहेर आलेल्या. मला घाई होती. मी ऐकलेच नाही असे दाखवले आणि छत्री उघडून चालू लागलो.

थोड्याच वेळात त्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसे गेली. कोणाच्या तरी डोक्यावरची फुले पडली, “फूल पडलं” म्हणून कोणी ओरडले आणि पुढच्यांनी ते “पूल पडला” असे ऐकले, अशी एक हकीकत तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली होती. दाटून उभ्या राहिलेल्या माणसांना आपण कुठे आहोत, पुढे काय आहे, हे कोणी सांगत नव्हते. मग गर्दीने आपली गोष्ट आपणच रचली, आणि तीही एका अक्षराची.

त्या मुलाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. तो सुखरूप घरी गेला असेल. गेला असेलच. पण वर्तमानपत्रातले फोटो पाहायचे धैर्य मला झाले नाही.

हे सगळे त्या अंधाऱ्या बोळात माझ्या छातीवर येऊन बसले. श्वास पुरेना. तेवढ्यात शेजारच्या भिंतीतून एक भूत निघाले. चेहरा सोललेला, डोळ्यांच्या जागी खाचा. त्याने आरोळीसाठी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मिटून घेतले. मग खाली वाकून अगदी साध्या, पोरसवदा आवाजात इंग्रजीत म्हणाले, “मी आहे इथं. माझा हात धरा. उजवीकडे दार आहे, आठ पावलं.” त्याने खिशातून बोटभर बॅटरी काढून जमिनीवर उजेड पाडला. मागच्या लोकांकडे हात करून तो काही बोलला, आणि ते थांबले. आम्ही दोघे पावले मोजीत चाललो. आठ म्हणाले होते, आठच भरली.

काळा पडदा सारून बाहेर आलो, तर मोकळी हवा, विजेचा दिवा आणि एक घरघरता पंखा. दुसरी दोन भुते खुर्च्यांवर बसून पाणी पीत होती. एकीने मला बाटली दिली. माझ्या भुताने, “बसा थोडं,” म्हटले आणि ते लगबगीने कामावर परत गेले. पिवळ्या जाकिटातल्या एका बाईने मला मुलींपर्यंत पोचवले.

नात धावत आली. काही न विचारता तिने मला जवळच्या बाकावर नेऊन बसवले. धुके नाही, भोंगे नाहीत, समोर कारंजे. तिने कागद उलगडला. त्या बाकाच्या जागी तांबडे वर्तुळ होते.

“बाबा म्हणाले होते, तुम्हांला गर्दी सहन होत नाही,” ती म्हणाली. “म्हणून बसायच्या शांत जागा आधीच शोधून ठेवल्या होत्या. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.”

मग मी तिला छत्रीची गोष्ट सांगितली. सात वर्षांत पहिल्यांदाच, आणि सौभाग्यवतींच्याही आधी. ती बराच वेळ बोलली नाही. “आजोबा, काही नाही झालं,” असेही म्हणाली नाही. मला तिचे हेच बरे वाटले. शेवटी तिने विचारले, “तिथे माणसं मोजायला कोणी नव्हतं का?”

त्या प्रश्नाने मला घरी आल्यावर स्वस्थ बसू दिले नाही. मी शोधू लागलो, तेव्हा कळले, की ही भुतांची शिस्तही फुकट आलेली नाही. न्यू जर्सीतल्या एका थीम पार्कमध्ये ११ मे १९८४ रोजी भुताच्या वाड्याला आग लागून आठ किशोरवयीन मुले दगावली. तिथे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर अशा इमारतींचे नियम कडक झाले. आज तिकडच्या नियमांप्रमाणे आगीची सूचना मिळताच अंधार संपून दिवे लागले पाहिजेत आणि सगळा गोंगाट बंद पडला पाहिजे. म्हणजे भुतांनी आपली गोष्ट अर्ध्यावर सोडून खरी गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या भुताने केले ते तेच.

आणि जिथे यजमानच नसतो, तिथे काय होते, तेही वाचले. २९ ऑक्टोबर २०२२ ला, याच हॅलोविनच्या दिवसांत, सोल शहरातल्या इतेवॉन भागात एका उताराच्या चिंचोळ्या गल्लीत तरुण मुलांची गर्दी कोंडली आणि एकशे एकोणसाठ जीव गेले. त्या रात्रीचा कार्यक्रम कोणी ठरवलेला नव्हता. तिकीट नव्हते, दार नव्हते, माणसे मोजणारा मुलगा नव्हता. चेंगराचेंगरीच्या काही तास आधीपासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते, की इथे माणसे चिरडतील. म्हणजे गोष्ट सांगणारे होते. ऐकणारे नव्हते.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. ऐकले नाही असे दाखवणाऱ्याला दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार किती, हाही प्रश्न होताच.

गर्दी वाईट नसते, वाचकहो. पंढरीच्या वारीत तीच गर्दी दिंडीदिंडीने चालते, आणि पुढे विणेकरी कुठे आहे हे मागच्या म्हातारीलाही ठाऊक असते. वाईट असतो तो तिच्यातला मुकेपणा. माणूस माणसाला लागून उभा आणि कोणी कोणाशी बोलत नाही, तेव्हा ती खरी भुतांची जागा होते.

यंदाच्या पावसाळ्यात मी त्या स्टेशनावर गेलो. आता त्याचे नाव प्रभादेवी आहे. अपघातानंतर लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. मी सावकाश जिने चढलो, मनात पावले मोजली आणि पलीकडे उतरलो. खाली पोचतो तो पाऊस आला. आडोशाला एक कॉलेजची मुलगी पुस्तके पोटाशी धरून उभी होती. मी छत्री उघडली आणि म्हणालो, “बाळ, कुठवर जायचंय? ये छत्रीत.”

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग माझी टोपी पाहिली, मफलर पाहिला आणि आली. बस थांब्यापर्यंत आम्ही दोघेही अर्धे अर्धे भिजलो.

घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “छत्री होती ना जवळ? मग भिजलात कसे?”

यावेळी मी त्यांना पहिल्यापासून सगळे सांगितले.